नाव घातलेले डबे

चिमाजी गायधनी यांचा देवावर, डॉक्टरवर आणि हवामानखात्यावर बेताचाच विश्वास होता. पण नाव घातलेली वस्तू परत येते, यावर मात्र त्यांची अढळ श्रद्धा होती. छत्रीचा दांडा, बॅटरी, खुर्चीची खालची बाजू, चष्म्याचं घर, सगळ्यावर 'चि. सा. गायधनी, जेलरोड' असं कोरलेलं असे. एकदा त्यांची छत्री येवल्याच्या एसटीत राहिली आणि आठवडाभराने कंडक्टर स्वतः ती घरी घेऊन आला. त्या दिवसापासून या विषयावर त्यांच्याशी वाद घालणं घरात सगळ्यांनी सोडून दिलं. मुलीच्या, म्हणजे साधनाच्या, लग्नात शेजारच्या पगारकाकांनी भर मांडवात विचारलं होतं, पोरीवर नाव घातलंय ना. पाठवणीच्या वेळी तिच्या ट्रंकेवर चिमाजींचं नाव दोन्ही बाजूंनी निघालं.

त्यामुळे चिमाजींना जाऊन वर्ष होत आलं आणि पुण्यस्मरणाला लोकांना काय द्यायचं असा प्रश्न निघाला, तेव्हा त्याचं उत्तर एकच होतं. भांडी, आणि त्यांवर नाव.

इथवर सगळं सोपं होतं. भांड्यावर नाव घालायला फार तर एक दुपार लागते. पण मराठी माणसाच्या घरात एखादी गोष्ट एका दुपारीत होणार अशी चिन्हं दिसली, की चार माणसं मदतीला धावतात. कुणी म्हणालं ताटल्या द्या, कुणी म्हणालं ताटल्या सगळ्यांकडे असतात, पाण्याच्या बाटल्या द्या. आईच्या, म्हणजे मैनाबाईंच्या, भिशीतल्या बायकांनी पेले सुचवले आणि पेल्यांवरून त्यांच्यात दोन तट पडले. साधनाने शांतपणे सांगितलं, स्टीलचे डबे. का, ते सांगितलं नाही. ती वाचणारी बाई होती, आणि वाचणाऱ्या माणसाने एखादी गोष्ट ठामपणे म्हटली की लोकांना वाटतं कुठेतरी छापून आलं असेल.

मग मजकूर. साधनाच्या मनात होतं, फक्त नाव असावं. पगारकाका म्हणाले, पत्ता हवाच, नुसतं नाव चिमाजींच्या तत्त्वात बसत नाही. पुण्याहून धाकट्या भावाने, ज्ञानेशने, व्हिडिओ कॉल केला. ज्ञानेश कुठल्याशा कंपनीत कामाची गती वाढवण्याचं काम करत असे आणि सुट्टीच्या दिवशी ते घरच्यांवर करत असे. त्याने विचारलं, पत्रिका वेगळी छापायची, वाटायची, आणि डबा वेगळा द्यायचा, हा दुहेरी उद्योग कशासाठी? निमंत्रणच डब्यावर कोरा. आधी डबा वाटा, तोच पत्रिका. कागद वाचेल, आणि पत्रिका हरवली अशी सबब कुणाला राहणार नाही.

कल्पना सगळ्यांना इतकी आवडली की ती मुळात चांगली आहे का, हे पाहायचं राहून गेलं. शेवटी डब्याच्या पोटावर गोल फिरत जो मजकूर गेला तो असा: 'कै. चिमाजी सावळीराम गायधनी यांच्या प्रथम पुण्यस्मरणानिमित्त सप्रेम भेट. येत्या माघातील पहिल्या रविवारी दुपारी कीर्तन व महाप्रसाद. सहकुटुंब यावे.' आणि खाली बिल्डिंगच्या नावासकट, पाण्याच्या टाकीच्या खुणेसकट पत्ता. वाचायला डबा हातात धरून पूर्ण फिरवावा लागे.

भांडी बाजारात महेशशेठच्या दुकानात ही ऑर्डर दिली. झाकण कसं हवं, असं त्याने विचारलं तेव्हा साधनाने पर्समधून बाबांचा जुना डबा काढून काउंटरवर ठेवला. तो पर्समध्ये कशाला होता, हे महेशशेठने विचारलं नाही, एवढी सभ्यता त्याच्यात होती. पोचा आलेला, कडीचा, झाकण असं घट्ट की उघडताना 'टप्प' आवाज व्हावा. चिमाजी महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात होते आणि नोकरीभर त्यांची भाकरी त्याच डब्यातून गेली. महेशशेठ म्हणाला, असं झाकण आता बनत नाही, कारागिराला दाखवायला राहू द्या, डब्यांबरोबर परत देतो. साधनाचा हात डब्यावर थोडा जास्त वेळ राहिला. मग तिने तो ठेवला.

डबे तयार झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी महेशशेठचा फोन आला. रात्री दुकान फुटलं होतं.

साधना पोचली तेव्हा तो शटरजवळ स्टुलावर बसला होता आणि चोरीपेक्षा अपमानाने जास्त खचला होता. आत तांब्याचे हंडे होते, पितळी समया होत्या, दोन पिढ्यांनी जमवलेला माल होता. चोरांनी त्यातल्या कशालाही हात लावला नव्हता. गायधनींचे डबे पोचवायचे म्हणून गोण्यांत भरून, तोंडं शिवून, दाराशी ठेवले होते. तेवढे उचलून ते गेले. शिवाय वरच्या गोणीवर ठेवलेला जुना डबा. "आमच्या आजोबांच्या वेळेचा हंडा डोळ्यासमोर होता ताई," महेशशेठ म्हणाला, "त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही." त्याचं सांत्वन करण्यात साधनाचा अर्धा तास गेला. जुन्या डब्याचा विषय काढायला तिला जागाच सापडली नाही.

पोलीस चौकीत हवालदार चांगला माणूस होता. त्याने दोघांना चहा पाजला आणि मग अडचणी सांगायला घेतल्या. माल शेठच्या दुकानातून गेला, पण विकला गेलेला होता, म्हणजे तो शेठचा नाही. साधनाचाही नाही, कारण तिच्या ताब्यात आलेला नव्हता. मग मालक कोण? मालावर नाव कुणाचं आहे?

"चिमाजी सावळीराम गायधनी," साधना म्हणाली.

"मग त्यांना आणा ना ओळख पटवायला."

साधनाने मजकुराचा फोटो पुढे केला. हवालदाराने फोन फिरवून फिरवून तो वाचला, 'कै.'पाशी थांबला, टोपी काढली, पुन्हा घातली. मग वारस दाखला लागेल म्हणाला. आणि हा जुना डबा? त्याचं बिल आहे का? बिल नव्हतं, तो चिमाजींच्या लग्नात आला होता. लग्नात आला असेल तर देणाऱ्याचं नाव हवं, हवालदार म्हणाला, आमच्याकडे तर चमच्यावरसुद्धा मामाचं नाव आहे.

निघताना मात्र तो दारापर्यंत आला आणि आवाज उतरवून म्हणाला, दुकानातून गेलेला माल पुलाखालच्या जुन्या बाजारात निघतो. उद्या बाजार आहे. जाऊन बघा, सापडला तर आम्हाला कळवा, आम्ही तपास लावू. त्याचं स्वतःचं हेल्मेट तिथेच सापडलं होतं. घासाघीस करून घेतलं, असंही त्याने थोड्या अभिमानाने सांगितलं.

घरी पगारकाकांनी जुन्या बाजारात कसं वागावं यावर व्याख्यान दिलं. चांगले कपडे घालू नका, भाव वाढतो. फाटके घालू नका, जवळ उभं करत नाहीत. वस्तू ओळखीची वाटली तर तिच्याकडे पाहू नका, शेजारच्या वस्तूकडे पाहा. ते कधी तिकडे गेले होते का, असं मैनाबाईंनी विचारल्यावर त्यांना घरी काम आठवलं.

साधना एकटीच गेली. जुन्या बाजारात पहिल्यांदा जाणाऱ्या मध्यमवर्गीय माणसाची चाल ओळखू येते. आपण इथे नाही आहोत, अशा बेताने तो चालतो. साधना नळांच्या तोट्या, एकेकटे बूट, गाड्यांचे आरसे, देवघरं आणि मिक्सरची झाकणं यांमधून तशीच चालली होती. ओळखीचं कुणी दिसलं तर काय सांगायचं हे तिने ठरवून ठेवलं होतं. ओळखीचे बरेच दिसले. तेही ठरवून आले होते.

आणि मग एका ताडपत्रीवर तिला बाबा दिसले. म्हणजे बाबांचं नाव, उन्हात चमकणारं, एकावर एक रचलेल्या डब्यांवर, पन्नास वेळा. समोर गर्दी होती. डब्यांमागे एक सावळी, कपाळभर कुंकू लावलेली बाई बसली होती. तिला सगळे भागुबाई म्हणत. ती सिन्नरहून जीपने यायची आणि गोणीतून येईल ते विकायची. गोणी कुठून येते हे विचारणं तिच्या धंद्यात उद्धटपणाचं समजलं जाई.

सुरुवातीला डबे खपत नव्हते. मेलेल्या माणसाचं नाव असलेला डबा घरात कोण नेणार? भागुबाईला वाचता येत नव्हतं. तिने एका गिऱ्हाइकाकडून मजकूर वाचून घेतला होता. त्यात पुण्यस्मरण, कीर्तन आणि महाप्रसाद एवढं आल्यावर तिने काढायचा तो अर्थ काढला. साधना पोचली तोवर चिमाजी गायधनी महाराज झाले होते. त्यांच्या डब्यातली भाकर शिळी होत नव्हती. त्यात पीठ ठेवलं तर पोरकिडा होत नव्हता. एक म्हातारे गृहस्थ चक्क डब्याला हात लावून तो डोळ्यांना लावत होते.

आयुष्यभर देवळाबाहेर चपला सांभाळत उभे राहिलेले बाबा. साधनाला हसू येईल असं वाटलं, पण आलं दुसरंच काही, ते तिने गिळलं. कारण त्याच वेळी तिची नजर भागुबाईच्या मांडीकडे गेली. भागुबाई जेवत होती. भाकरी, ठेचा, आणि ज्या डब्यातून ती जेवत होती त्याला कडी होती, पोचा होता.

"तो केवढ्याला?" साधनाने विचारलं. शेजारच्या वस्तूकडे पाहायचं ती साफ विसरली.

"ह्यो इकायचा नाय. झाकण बघा कसं बसतंय. ह्यो म्हाराजांचा सवताचा हाय."

"ते माझे वडील."

भागुबाईने तिला खालून वर पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, थकवा होता. "सकाळपासून म्हाराजांच्या दोन लेकी येऊन गेल्या," ती म्हणाली. "एकीला धा रुपये कमी केले. तुमाला बी करते. पन ह्यो नाय."

आता, माणसाचा अपमान अनेक प्रकारे होऊ शकतो. पण आपल्याच बापाची तोतया मुलगी ठरणं याला तोड नाही. साधनाने आधार कार्ड काढलं. भागुबाईने ते हातात घेऊन फोटो बघितला, बरा आलाय म्हणाली आणि परत दिलं. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, लेक असेल तर सांगू दे की महाराजांचं काहीतरी. म्हाताऱ्या गृहस्थांनी आणखी पुढे सरकून कान दिला.

वर्षभर लोक साधनाला सांगत होते, बोल, मन मोकळं कर. चुलत बहिणींनी सांगितलं, मैत्रिणींनी सांगितलं, ज्ञानेशने एका समुपदेशकाचा नंबर पाठवला. ती सगळ्यांना म्हणाली होती, मी बरी आहे. आणि आता जुन्या तोट्यांच्या आणि एकेकट्या बुटांच्या मधोमध, चोरीच्या मालासमोर उभी राहून ती बोलायला लागली. तेही डबा मिळावा म्हणून.

तिने साधंच सांगितलं. ते पाणीपुरवठ्यात होते. कुठे पाइप फुटला की लोखंडी सळई जमिनीला टेकवून दुसरं टोक कानाला लावायचे आणि नेमकं कुठे खणायचं ते सांगायचे.

"जमिनीखालचं पानी ऐकू यायचं?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"सळईतून यायचं. सगळ्यांनाच येतं."

पण 'सगळ्यांनाच येतं' हे कुणी ऐकलं नाही. जमिनीखालचं पाणी ऐकणारे महाराज, असं मागे मागे पोचत गेलं आणि पुढून चार डबे गेले. साधना जितकं खरं सांगे तितका खप वाढे. ते रजा घ्यायचे नाहीत, दोन गेले. वरच्या मजल्यावरच्यांना पाणी चढलं नाही तर स्वतः जेवायचे नाहीत; पाच गेले. ते अजिबात महाराज नव्हते, देव मानत नसत, असं ती कळवळून म्हणाली, तेव्हा म्हाताऱ्यांनी हात जोडले आणि म्हणाले, मोठी मानसं तसंच म्हंतात.

भागुबाई मात्र नाण्यांची चळत सावरत नुसती बघत होती. "हे समदं ठीक," ती म्हणाली. "ह्या डब्याचं सांगा."

मग साधनाने ते सांगितलं, जे तिने नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

"रिकामं भांडं कुणाला परत देऊ नये, म्हणायचे. म्हणून संध्याकाळी डबाही घरी रिकामा आणायचे नाहीत. काहीतरी असायचं. बोरं, हरभरा, कधी चिंचा. मला लगेच उघडू द्यायचे नाहीत. कानाशी धरून हलवायचा आणि ओळखायचं. म्हणायचे, आधी ऐक."

भागुबाईने भाकरीचा उरलेला तुकडा पदरात घेतला आणि डब्याकडे पाहिलं.

"आता उष्टा हाय. असा कसा देऊ," ती म्हणाली. "घासते, आनून देते. घर कुटं?"

"डब्यावर आहे पत्ता."

"आनि रविवारचं जेवान?" मागून कुणीतरी विचारलं. "ते खरं हाय का?"

तेव्हा कुठे साधनाला कळलं की गेले दोन तास आपण काय विकत होतो.

घरी वादळ उठलं. डबा हातचा सोडून आल्याबद्दल ज्ञानेशने फोनवर मौन पाळलं, आणि ज्ञानेशचं मौन बोलण्याहून लांब असे. मग तो मूळ प्रश्नाकडे वळला. कितीतरी अनोळखी लोकांच्या घरी आपलं निमंत्रण कोरीव अक्षरांत गेलं आहे. जागा बदलावी तर नातेवाइकांना फोन झालेले. शेवटी त्याने उपाय काढला: दारावर माणूस उभा करायचा, आणि ज्याच्या हातात डबा असेल त्याला परत पाठवायचं. म्हणजे निमंत्रण ज्याच्याजवळ आहे तो बाहेर, ज्याच्याजवळ नाही तो आत. हे ऐकून मैनाबाई वर्षात पहिल्यांदा खळखळून हसल्या. पहाऱ्याची जबाबदारी पगारकाकांनी घेतली. त्यांनी शिट्टीही आणली.

साधना या सगळ्यात नव्हती. दारावरची बेल वाजली की ती उठे. दूधवाला असे, कुरिअर असे. घासते, आनून देते, हे तिने स्वतःशी निरनिराळ्या सुरांत म्हणून पाहिलं आणि कुठल्याच सुरात तिला ते खरं वाटलं नाही. नाव घातलेली वस्तू परत येते, हा काही सिद्धान्त नव्हता. येवल्याच्या एका सज्जन कंडक्टरची गोष्ट होती.

रविवारी बिल्डिंगच्या आवारात मांडव पडला. वणीहून आत्या आल्या, चुलते आले, कीर्तनकार आले. आणि बाराच्या सुमारास पाण्याच्या टाकीकडून लोक येऊ लागले, बायकामुलांसकट, स्वच्छ कपड्यांत, हातात डबे. पगारकाकांनी शिट्टी वाजवली. पहिल्या माणसाने काही न बोलता डबा त्यांच्या हातात दिला. काकांनी तो पूर्ण फिरवून वाचला. 'सहकुटुंब यावे'पाशी त्यांची मान खाली गेली आणि ते बाजूला झाले. डबा जड लागला म्हणून त्यांनी झाकण उघडलं. आत गूळ-शेंगदाणे होते.

सगळ्यांच्याच डब्यांत काही ना काही होतं. मेलेल्या माणसाच्या घरी, त्याचंच भांडं घेऊन, रिकामं कसं जायचं? कुणी द्राक्षं आणली होती, कुणी चिवडा, कुणी मटकीची उसळ, येवल्याकडच्या एका कुटुंबाने डबाभर कांदे. आचारी अन्न पुरणार नाही म्हणून सकाळपासून कपाळाला हात लावून बसला होता, तो उठून पातेली लावायला लागला. हवालदारही आला. त्याच्याही हातात डबा होता. मुद्देमाल म्हणून बाजारातून ताब्यात घेतला होता, म्हणजे घासाघीस करून. त्यात पेढे होते. महेशशेठने प्रत्येक डबा हातात घेऊन कोरीव अक्षरांची तारीफ केली आणि चोर दुकानाची पारख चुकले तरी कामाची नाही चुकले, असं म्हणाला. कीर्तनकारांना कुणीतरी कानात सांगितलं असावं. उत्तररंगात जमिनीखालचं पाणी ऐकणारे चिमाजी महाराज आले आणि माना डोलल्या.

"आमच्या मोरीतला नळ दोन वर्षं गळत होता," मैनाबाई शेजारच्या आत्यांना म्हणाल्या, "तो नाही ऐकू आला."

पंगती उठल्या, दुसऱ्या बसल्या. साधना वाढत होती आणि दर वेळी फाटकाकडे बघत होती. शेवटची पंगत बसत असताना एक जीप थांबली आणि भागुबाई उतरली. डोक्यावरून पदर, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. पगारकाका सवयीने पुढे झाले. तिने त्यांना बाजूला केलं, सरळ साधनापुढे आली आणि फडकं सोडलं. डबा राखेने घासून लख्ख केला होता. पोचा तेवढा तसाच होता.

साधनाचा हात कडीकडे गेला. भागुबाईने डबा मागे ओढला.

"उघडू नका," ती म्हणाली. "आदी ऐका."

साधनाने वाढायची पळी आत्यांकडे दिली. डबा दोन्ही हातांनी धरला आणि कानाशी नेऊन हलवला. आतून टणक, गोलसर, घाईघाईचा आवाज आला. पानावर बसलेल्या लोकांनी घास थांबवले. कुणी शेंगदाणे म्हणालं, कुणी सुपारी. हवालदाराने खात्रीने आवळे सांगितले. साधनाने कुणाकडे पाहिलं नाही.

"बोरं," ती म्हणाली.

"नाय," भागुबाई म्हणाली, चेहऱ्यावरची रेष न हलवता.

तेव्हा साधना हसली, आणि हसता हसता तिचे डोळे वाहू लागले. कारण एक गोष्ट तिने बाजारात सांगितली नव्हती: उत्तर बरोबर असलं तरी बाबा आधी नाहीच म्हणायचे.

तिने डबा पुन्हा कानाशी धरला.